टेकू हरवलेली खोडं

बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली एक काप सरकवला आणि नाव-गाव काही न सांगता मला बघायला बसवलं. मधोमध भेंड, म्हणजे खोडाचा मऊ गाभा. त्याभोवती काष्ठाचं कडं. त्याच्या बाहेर मऊ पेशींचा पट्टा, बराचसा विरून गेलेला. आणि अगदी कडेला जाड, काळपट रेघा. रोमन आकड्यांच्या घड्याळात तबकडीभोवती आकडे असतात ना, तशा गोल मांडलेल्या. मी पाठ केलेली नावं भराभर म्हणून दाखवली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. आता हे झाड उभं होतं की टेकलेलं, ते सांग."

मला उत्तर आलं नाही. समोर होती ती जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरची दगड झालेली चकती. ना जमीन, ना शेजारचं झाड, ना ऊन. एवढ्याशा चकतीवरून ती वनस्पती स्वतःच्या पायावर उभी होती की दुसऱ्याच्या खांद्यावर, हे कुणाला कसं कळावं? पुढे अशा कितीतरी चकत्या पाहिल्या, जिवंत वेलींच्या आणि दगड झालेल्या वेलींच्याही. पण आजही भिंगाला डोळा लावला की आधी बाईंचा प्रश्न आठवतो आणि मग बाकीचं दिसायला लागतं.

जंगलात वेल ओळखायला काही लागत नाही. ती झाडावर चढलेली दिसते, म्हणून ती वेल. दगडात हे सुख नाही. कधीतरी पूर आला, झाड कोसळलं, पानं एकीकडे वाहून गेली, बिया दुसरीकडे, खोडाचा वीतभर तुकडा चिखलात रुतला. जिला वेलीने मिठी मारली होती ती फांदी भलतीकडेच कुजून गेली. कोट्यवधी वर्षांनी हाती लागतो तो एकटा वेलीचा तुकडा. जिच्यामुळे वेलीला वेल म्हणायचं, ती आधाराची गोष्टच नेमकी हरवलेली असते. तेव्हा त्या आधाराची खूण वेलीच्याच अंगात शोधावी लागते. मला हा सगळा विषय जवळचा वाटतो तो त्यामुळेच. जे समोर नाही, ते जे समोर आहे त्याच्या घडणीतून ओळखायचं.

सुरुवात मात्र जिवंत वेलीपासून करावी. द्राक्षवेलीची वाळलेली, वीतभर लांब आणि बोटाएवढी जाड काडी घ्या. दोन्ही टोकं धारदार पात्याने स्वच्छ छाटा. एक टोक पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून जोरात फुंका. पाण्यात बारीक बुडबुडे उठतात. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा काडी कुठे चिरली तर नाही ना, म्हणून उलटीपालटी करून पाहिली होती. चिरलेली नव्हती. घट्ट लाकडातून माझी फुंकर आरपार गेली होती. तेवढ्याच जाडीची पाइनची फांदी घेऊन कितीही फुंका, काही होत नाही. पाइनच्या लाकडात पाणी वर चढतं ते ट्रॅकीड नावाच्या लांबट पेशींमधून, आणि त्या पेशी दोन्ही टोकांना बंद असतात. पाणी एकीतून दुसरीत जातं ते भिंतींवरच्या बारीक खळग्यांमधून. द्राक्षवेलीत पेशी एकीवर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या आडभिंती उघडलेल्या असतात. त्यामुळे लांबच लांब नळ्या तयार होतात. छाटलेलं टोक साध्या हातभिंगाखाली धरलं तरी चाळणीसारखी भोकं दिसतात.

या भोकांमागे एक हिशेब आहे. नळीचा व्यास दुप्पट केला, तर तेवढ्याच दाबाने तिच्यातून दुप्पट नाही, चौपटही नाही, सोळापट पाणी जातं. आणि भरीव काठीचा व्यास दुप्पट केला, तर ती वाकवायला सोळापट जोर लागतो. दोन्हीकडे तोच चौथा घात. झाडाला उभं राहायचं असतं, म्हणून ते या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला लागतं. दरवर्षी लाकूड चढवत खोड जाड करतं. वेलीला उभं राहायचं नसतं. ती खोड बारीक ठेवते आणि वाचलेलं सगळं लांबी वाढवण्यात नि पानं काढण्यात घालते. पण वर माथ्यावर पानांचा पसारा मोठ्या झाडाच्या तोडीचा, आणि त्या सगळ्या पानांना पाणी पोचवायचं ते मनगटाएवढ्या खोडातून. तिथे हिशेबाची पहिली बाजू कामाला येते. नळ्या मोजक्या, पण रुंद. काही वेलींमध्ये एकेक नळी अर्धा मिलिमीटर रुंद असते, भिंगाशिवाय दिसते.

मराठीत वेल म्हटलं की पाठोपाठ 'नाजूक' येतंच. मला ते पटत नाही. मनगटाएवढ्या खोडातून एका मोठ्या झाडाच्या माथ्याएवढ्या पानांना पाणी पाजणाऱ्या जीवाला नाजूक का म्हणायचं?

रुंद नळीत धोका असतो हेही खरं. पाणी वर खेचलं जाताना ताण वाढला की नळीत हवेचा बुडबुडा शिरतो, आणि ती अख्खी नळी बंद पडते. म्हणून वेलीच्या लाकडात मोठ्या नळ्यांच्या शेजारी अगदी अरुंद नळ्यांचीही गर्दी असते. मोठ्या बंद पडल्या तरी या थोडंफार काम चालू ठेवतात. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये क्लार्नो नावाचे थर आहेत, सुमारे 4.4 कोटी वर्षांपूर्वीचे. तिथे द्राक्ष कुळातल्या वेलींचं दगड झालेलं लाकूड मिळालं. त्याला व्हायटेसिऑक्झिलॉन असं नाव दिलं गेलं. त्यातही हीच दोन मापं दिसतात, आणि त्यांच्यामधून आरपार गेलेले रुंद, उंच किरण, म्हणजे मध्याकडून कडेकडे जाणारे मऊ पेशींचे पट्टे. म्हणजे वेलीच्या अंगातली ही मांडणी तेव्हाच पक्की झालेली होती.

नळ्यांइतकीच महत्त्वाची दुसरी खूण म्हणजे लाकडाचं तुकड्या-तुकड्यांत वाटलं जाणं. झाडाच्या खोडात कॅम्बियमचं, म्हणजे खोड जाड करणाऱ्या पेशींचं, एक गोल कडं असतं. ते आत लाकूड टाकतं, बाहेर रसवाहिन्यांचा थर टाकतं आणि वर्षानुवर्षं हे काम सगळीकडे सारखं चालतं. कितीतरी वेलींत हा शिरस्ता मोडलेला असतो. बिग्नोनिया कुळातल्या वेली कापल्या की लाकडात चार खाचा पडलेल्या दिसतात, मऊ रसवाहिन्यांनी भरलेल्या. सगळं मिळून एक स्पष्ट फुली. बौहिनियाच्या, म्हणजे कांचनाच्या गटातल्या, वेलींचं खोड चपटं होतं आणि पायऱ्यांसारखं नागमोडी जातं. गुळवेल कापली की बैलगाडीच्या चाकाचे आरे दिसावेत तसे रुंद किरण मध्यापासून कडेपर्यंत गेलेले असतात. काही वेलींत एका कॅम्बियमच्या बाहेर दुसरं, दुसऱ्याच्या बाहेर तिसरं उभं राहतं, तर काहींत एकाच सालीखाली तीन-चार वेगवेगळे काष्ठस्तंभ असतात.

डार्विनने 1865 साली वेलींवर लिहिलं तेव्हा त्याचं लक्ष शेंड्यावर होतं. शेंडा गोल फिरत आधार कसा चाचपतो, हे तो तासन्‌तास घड्याळ लावून बघत असे. खोडं कापून आतला कारभार सविस्तर मांडला तो हाइन्रिख शेंक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने, 1892 आणि 1893 मध्ये. एकाच सवयीकडे बाहेरून आणि आतून पाहणारी ही दोन कामं शेजारी ठेवून वाचावीत, असं मला नेहमी वाटतं.

लाकूड असं तोडून-तोडून ठेवण्यात वेलीचा काय फायदा? भरीव काठी पिळली तर तडकते. दोर पिळला तर पिळला जातो, बस. कडक लाकडाच्या पट्ट्यांमध्ये मऊ पेशी भरल्या की खोड दोरासारखं वागायला लागतं. फांदी पडली, आधाराचं झाड वाऱ्यात हललं, वेल खाली ओढली गेली, तरी मऊ भाग दाबला जातो आणि नळ्या शाबूत राहतात. आणि मऊ पेशी जिवंत असतात, जखम भरतात. अॅरिस्टोलोकियाच्या एका वेलीत हे फार जवळून पाहायला मिळतं. कोवळ्या खोडात कडेला कठीण तंतूंचं अखंड कडं असतं. खोड आतून जाड होऊ लागलं की त्या कड्याला तडे जातात. लगोलग आतल्या मऊ पेशी फुगून तड्यात शिरतात, फट बुजवतात, आणि नंतर त्यांच्या भिंतीही हळूहळू जाड होतात. एकाच कापात तडा पडलेला, भरू लागलेला आणि भरून कडक झालेला अशा तिन्ही अवस्था मी पाहिल्या आहेत.

आता दगडाकडे वळते. इतकी बारीक गोष्ट दगडात टिकते तरी कशी, याचं सर्वात सुंदर उत्तर कोल बॉल हे आहे. कार्बोनिफेरस काळातल्या, म्हणजे तीसेक कोटी वर्षांपूर्वीच्या, दलदलीत वनस्पतींचा खच साचत होता आणि पुढे त्याचा कोळसा होणार होता. पण काही ठिकाणी तो खच दबून चपटा होण्याआधीच त्यात कॅल्शियम कार्बोनेट साचलं आणि आतल्या पेशी होत्या तशाच गोठून गेल्या. कोळसा खणणाऱ्यांना हे गोळे म्हणजे कटकट. त्यांनी ते बाजूला फेकून दिले. 1855 मध्ये हूकर आणि बिनी या अभ्यासकांनी अशा गोळ्यांमधल्या वनस्पतींबद्दल लिहिलं, आणि त्यानंतर मँचेस्टरचे विल्यम विल्यमसन त्यांच्या मागेच लागले. ते व्यवसायाने डॉक्टर. दिवसा रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात दगडातली खोडं. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी एकामागून एक दीर्घ निबंध लिहिले.

त्या काळी दगड घासून-घासून पारदर्शक होईपर्यंत पातळ करत. एका कापासाठी कितीतरी दगड वाया जायचा. आज पील काढतात, आणि ही पद्धत माझ्या मनाच्या फार जवळची आहे. गोळा हिऱ्याच्या करवतीने कापायचा. कापलेला पृष्ठभाग काचेवर कार्बोरंडमची पूड टाकून गुळगुळीत घासायचा. मग तो पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात काही सेकंद धरायचा; फसफस होते, दगड किंचित विरघळतो आणि कार्बनी भिंती तशाच उभ्या राहतात, केसाहूनही बारीक. अलगद पाण्याने धुवायचं, वाळू द्यायचं. मग अॅसिटोन ओतून वर सेल्युलोज अॅसिटेटचा कागद टेकवायचा आणि वाट बघायची. कागद वाळला की त्या भिंती त्यात रुतलेल्या असतात. कागद हळूच सोलून काढला की हातात येतो तो तीसेक कोटी वर्षांपूर्वीच्या खोडाचा काप, खराखुरा, सावली किंवा ठसा नव्हे. पुन्हा घासा, पुन्हा आम्ल, पुन्हा कागद. काही मिलिमीटरमध्ये एकाखाली एक असे कितीतरी काप मिळतात आणि एखादी वाहिनी खोडातून पानात कशी वळली तेही मागोवा घेत बघता येतं.

एकच पथ्य: आम्लातून काढलेल्या पृष्ठभागाला बोट लावायचं नाही. मी एकदा लावलं होतं. काही दिसेना म्हणून अंगठ्याने हलकेच पुसलं. कागद सोलला तेव्हा मधोमध एक स्वच्छ, रिकामा डाग होता. तिथे होतं ते भेंड, आणि ते माझ्या अंगठ्याने गेलं. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी तो कागदही पाकिटात घालून वर तारीख लिहिली.

बाईंनी पहिल्या दिवशी दाखवलेला काप अशाच एका गोळ्यातला होता: लिजिनॉप्टेरिस ओल्डहॅमिया. इंग्लंडमधल्या लँकशरच्या कोळशात ही वनस्पती भरपूर मिळते, वय 31 कोटी वर्षांच्या आसपास. तिची कहाणी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण ती तुकड्यांची कहाणी आहे. या एकाच वनस्पतीच्या प्रत्येक अवयवाला वेगळं नाव मिळालेलं होतं. खोडाचं नाव एक. देठ सापडले त्यांना राकिओप्टेरिस. मुळं सापडली त्यांना कॅलोक्झिलॉन. नेच्यासारख्या पानांचे ठसे होते ते स्फेनोप्टेरिस. आणि छोट्या बिया होत्या, पेल्यासारख्या आवरणात बसलेल्या, त्या लॅजेनोस्टोमा. त्यातल्या एका जातीला नाव दिलं लोमॅक्सी, जेम्स लोमॅक्स या दगड कापणाऱ्या कसबी माणसावरून. खोड आणि बी एकमेकांना जोडलेलं मिळालेलं नव्हतं. मग फ्रान्सिस ऑलिव्हर या वनस्पतिशास्त्रज्ञाला बीच्या पेल्यावर बारीक ग्रंथी दिसल्या: आखूड दांडा आणि वर गोल डोकं, टाचणीसारखं. अगदी तशाच ग्रंथी लिजिनॉप्टेरिसच्या खोडावर आणि देठांवर होत्या, आणि त्या गोळ्यांतल्या दुसऱ्या कोणत्याही वनस्पतीवर नव्हत्या. ऑलिव्हर आणि ड्यूकिनफील्ड स्कॉट यांनी 1903 मध्ये जाहीर केलं की हे सगळं एकच झाड आहे. नेच्यासारखी पानं, पण बी धारण करणारं. बीजी नेचे हा अख्खा गट त्या टाचणीएवढ्या ग्रंथींच्या जोरावर उजेडात आला.

पण बाईंचा प्रश्न उरतोच. उभं की टेकलेलं?

त्या दिवशी मी गप्प बसले तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "नावं ठेव बाजूला. कडक पेशी कुठे आहेत ते बघ आधी."

कडेला होत्या. त्या घड्याळाच्या आकड्यांसारख्या रेघा म्हणजे कठीण तंतूंच्या पट्ट्या. उभा काप घेतला की त्या एकमेकींना जोडत-सुटत जाळी विणताना दिसतात, तारेच्या जाळीसारखी. काठी वाकवताना सगळ्यात जास्त ताण कडेला येतो, मध्यावर जवळपास येतच नाही. म्हणून पोकळ बांबूही ताठ उभा राहतो. तेव्हा कडक ऊती कडेला असेल तर कोवळं खोड थोड्या खर्चात ताठ होतं. वेलीच्या शेंड्याला हेच लागतं. पुढचा आधार मिळेपर्यंत त्याला मोकळ्या हवेत एकट्याने तरंगायचं असतं. मात्र पुढे खोड जाड होताना आत कसलं लाकूड भरलं जातं, यावर सगळं अवलंबून. झाड दरवर्षी घट्ट लाकूड बाहेरच्या बाजूला चढवतं, त्यामुळे म्हातारं खोड कोवळ्या फांदीपेक्षा कितीतरी ताठ. वेलीत उलटं होतं. आत रुंद किरणांचं, मोठ्या पेशींचं मऊ लाकूड वाढतं, बाहेरचं कडक कडं फाटतं किंवा गळून जातं, आणि म्हातारं खोड कोवळ्यापेक्षा लवचिक निघतं.

हे फक्त बघून ठरवायची गोष्ट राहिलेली नाही. 1990 च्या दशकात थॉमस स्पेक आणि निक रो यांनी जीवाश्म खोडांचा याच दिशेने हिशेब मांडला. कापातल्या प्रत्येक ऊतीचं क्षेत्रफळ आणि मध्यापासूनचं अंतर मोजायचं, आजच्या वनस्पतींतल्या तशाच ऊतींचा ताठरपणा प्रयोगाने काढायचा, आणि कोवळ्यापासून म्हाताऱ्यापर्यंतची खोडं ओळीने मांडून बघायचं की ताठरपणा वाढत जातो की कमी होतो. लिजिनॉप्टेरिस या हिशेबात मधोमध येतं. पूर्ण वेलही नव्हे, स्वतःच्या बळावर उंच उभं राहणारं झाडही नव्हे. शेजाऱ्यांना टेकून, त्यांच्यात हात-पाय अडकवून वर जाणारं. मला या उत्तराचं समाधान वाटतं. बाईंनी विचारलेल्या 'टेकलेलं' या साध्या शब्दात ते नेमकं बसतं.

त्याच दलदलीतलं स्फेनोफायलम मला त्याच्या खोडाच्या मध्यासाठी आवडतं. एवढ्या जुन्या वनस्पतीत अपेक्षा गोलाची असते आणि दिसतो स्वच्छ त्रिकोण. लाकडाचा भरीव त्रिकोण, त्याच्या तिन्ही बाजूंना नंतर चढलेलं काष्ठ. खोड क्वचितच बोटाहून जाड, पानं पेरापेरावर वर्तुळात, तीनच्या पटीत. काही पानांची टोकं आकड्यासारखी वळलेली. इतक्या बारीक खोडाला एवढं लाकूड चढवून उभं राहायचं नसतं. पाणी न्यायचं असतं. त्याच्याकडे द्राक्षवेलीसारख्या उघड्या नळ्या नव्हत्या, होते ते टोकं बंद असलेले ट्रॅकीडच. पण ते रुंद होते. मेड्युलोसा नावाच्या बीजी नेच्यांत तर एकेक ट्रॅकीड मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास पोचतो. पाइनचे त्याच्यापुढे काहीच नाहीत. मेड्युलोसाचं लाकूड पाणी नेण्यात आजच्या सूचिपर्णींना मागे टाकतं आणि नळ्या असलेल्या सपुष्प वनस्पतींच्या पंगतीत बसतं, असं हिशेबाने दिसून आलं आहे. नळीचा शोध लागायच्या आधीच रुंदीचा शोध लागला होता.

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, किल्ली सापडली. खोडात काही वेगळं दिसलं की ती वेल. मीही काही काळ असंच समजत होते. पेंटोक्झिलॉनने मला थांबवलं. झारखंडमधल्या राजमहाल टेकड्यांमधलं हे जीवाश्म खोड. बिरबल साहनींनी 1948 मध्ये या गटावर लिहिलं. एका खोडात साधारण पाच वेगळे काष्ठस्तंभ, प्रत्येकाला स्वतःचं कॅम्बियम, आणि प्रत्येक स्तंभात लाकूड मध्याच्या दिशेने जास्त वाढलेलं. चित्र पाहताक्षणी मी वेल म्हणून मोकळी झाले होते. पण बहुतेक अभ्यासक त्याला झुडूप किंवा लहान वृक्ष मानतात. मेड्युलोसाचंही तसंच. एका सालीखाली अनेक काष्ठस्तंभ ही त्याची घराण्याची रीत; त्यातले कितीतरी काही मीटर उंच, मोठाल्या पानांचे वृक्ष होते. तर अमेरिकेतल्या आर्कान्सामधली मेड्युलोसा स्टाइनी ही बारीक खोडाची जात 2003 मध्ये वेल म्हणून वर्णन केली गेली. रीत तीच, जगणं वेगळं. तेव्हा एका खुणेवर विसंबू नये. खोडाची जाडी, दोन पेरांमधलं अंतर, कडक ऊतीची जागा, ट्रॅकीडची रुंदी, किरणांचं प्रमाण, बाजूला फुटलेली मुळं, हे सगळं एका ओळीत बोलू लागलं तरच पुढे जावं.

कधीकधी तर खोड नसतंच. पनामातून 2021 मध्ये अँपेलोऱ्हायझा हेटेरोक्झिलॉन नावाचा जीवाश्म वर्णन केला गेला, सुमारे 1.85 ते 1.9 कोटी वर्षांपूर्वीचा. ते मूळ आहे. त्यात पाकळ्यांसारखं विभागलेलं काष्ठ आणि रुंद-अरुंद अशा दोन मापांच्या नळ्या आहेत, आणि त्यावरून ते रिठ्याच्या कुळातल्या एका वेलींच्याच गटाचं ठरलं. जमिनीखाली, जिथे चढण्याचा प्रश्नच नाही, तिथेही वेलीने आपली घडण जपून ठेवली होती.

फ्रान्समधल्या ब्लांझी-मोंसोच्या थरांतले ठसे याच्या दुसऱ्या टोकाला आहेत. तिथे खोडाच्या आतल्या पेशी टिकलेल्या नाहीत, पण स्यूडोमारिऑप्टेरिसच्या पानांच्या टोकांना वळलेले आकडे स्पष्ट दिसतात. आकडे पाहिले की वाद संपतो. तरी मला ठशांपेक्षा काप जवळचा वाटतो. आकड्यावरून ती कशाला धरत होती एवढं कळतं. कापावरून धरून ठेवताना तिच्या अंगावर काय काय आलं ते दिसतं.

आणि मग केम्निट्झ. जर्मनीतल्या या शहराच्या खाली एक जंगल पुरलेलं आहे. सुमारे 29.1 कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि राखेने ते जंगल जागच्या जागी गाडलं. तिथे सॅरोनियस नावाचे वृक्ष-नेचे दगड झालेले मिळतात. नाव ग्रीक, साळुंकीच्या जातीच्या ठिपकेदार पक्ष्यावरून आलेलं, कारण कापलेला दगड ठिपक्या-ठिपक्यांचा दिसतो. ते ठिपके म्हणजे मुळं. सॅरोनियसचं खरं खोड आत बारीकसं असतं. त्याच्या भोवती वरून खाली उतरणाऱ्या हजारो मुळांचं जाड आवरण असतं आणि झाड उभं राहतं ते या आवरणाच्या जिवावर.

रॉनी रोस्लर यांनी 2000 साली या मुळांच्या आवरणातच राहणाऱ्या दुसऱ्या वनस्पतींबद्दल लिहिलं. त्यात अँकिरॉप्टेरिस आहे, एक चढणारं नेचं. त्याच्या देठातलं काष्ठ आडवं कापलं की जहाजाच्या नांगरासारखा आकार दिसतो. नावातही ग्रीक भाषेतला नांगरच आहे. अशा एका कापाचं छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही. सगळीकडे सॅरोनियसच्या मुळांचे गोल, प्रत्येकात लहानशी चांदणी. आणि त्यांच्या दाटीत वाट काढत गेलेलं दुसरंच एक खोड, वेगळ्या पेशींचं, त्याच्या देठात तो नांगर. वेल आणि तिचा टेकू एकाच चकतीत. इतकी वर्षं मी अंगावरच्या खुणांवरून जे ताडत आले, ते इथे शेजारी, एका पेशीच्या अंतरावर होतं.

वेलीलाही बाजूंनी मुळं फुटतात आणि ती त्याच दाटीत घुसतात. कुठलं मूळ वेलीचं आणि कुठलं झाडाचं, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. मी ते छायाचित्र मोठं करून कागदावर घेतलं, एक रंगीत पेन्सिल काढली, आणि वेलीची म्हणून जी वाटली ती मुळं एकेक करून गोल करायला बसले. सातव्या मुळाशी अडले. तो कागद अजून तसाच बाईंनी दिलेल्या पाकिटात आहे, त्या अंगठ्याच्या डागाशेजारी.